चिझूने पाणी मागितलं नाही

"ही कोण?" तोकिएमावशीने उलथनं हवेत धरून विचारलं.

"चिझू," रित्सुको म्हणाली.

"कोणाची चिझू?"

"तुमची, मावशी. तुमची धाकटी बहीण."

"छे! माझी बहीण अशी नव्हती बाई. काय वाचलंस आत्ता? 'शांत, समजूतदार, सगळ्यांची लाडकी चिझू.' समजूतदार! कुठून आणलीस गं ही? बाहुल्यांच्या दुकानातून?" आणि मावशीने तव्यावरची ओकोनोमियाकी, म्हणजे आमचं कोबीचं जाड धिरडं, अशी काही तावातावाने उलटली, की कोबीचे चार तुकडे उडून रित्सुकोच्या कागदांवर पडले.

रित्सुकोने ते मुकाट्याने वेचले. पाठ म्हणून दाखवण्याची ही तिची चौथी खेप होती आणि चौथ्यांदा नकार मिळत होता.

आमच्या हिरोशिमात हे एक निराळंच काम आहे. बॉम्बातून वाचलेली माणसं आता थकली, एकेक करून चालली. म्हणून शहराने ठरवलं, की त्यांची कहाणी दुसऱ्या कोणीतरी शिकून घ्यायची आणि त्यांच्या पश्चात सांगत राहायची. शिकायला दोन-तीन वर्षं जातात. जाणकार लोक पाठ तपासतात, तारखा आणि जागा बरोबर आहेत ना ते बघतात. पण शेवटचा शब्द ज्याची कहाणी त्याचा. त्या माणसाने "हो, ही माझीच" असं म्हटल्याशिवाय शिकणाऱ्याला स्मारक केंद्राच्या सभागृहात तोंड उघडता येत नाही.

आता रित्सुको ओकीमोतो ही काही कीर्तनकार नव्हे. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. बाजूच्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन, अठरा-अठरा वर्षांच्या पोरांना ट्रामच्या रुळांवरून गाडी कशी काढायची ते शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. स्वभाव इतका शांत, की समोरून ट्राम अंगावर आली तरी "आता हळूच ब्रेक दाबू या हं," असंच म्हणायची. तिच्या सासूबाई बॉम्बातून वाचलेल्या होत्या, पण त्यांनी जन्मभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि एक दिवस तशाच गेल्या. त्यांचं कपाट आवरताना रित्सुकोला वाटलं, इतकी वर्षं एका घरात राहिलो, रोज हिच्या हातचं जेवलो, आणि आपण हिला साधं विचारलंही नाही. ते तिच्या मनाला फार लागलं. म्हणून तिने नाव नोंदवलं, आणि तिच्या वाट्याला तोकिए हिगाकी आली.

तोकिएमावशीला योकोगावा स्टेशनच्या आसपास कोण ओळखत नाही! चाळीस वर्षं तिने ओकोनोमियाकीचं दुकान चालवलं. दुकान आता बंद होतं, पण तो लांबलचक लोखंडी तवा तिने काढू दिला नव्हता. बंद दुकानातसुद्धा ती रोज त्याच्यावर काहीतरी परतत असायची आणि वर टीव्हीवर कार्प या आमच्या बेसबॉल संघाची मॅच चालू असायची. वय शहाऐंशी. पाठ वाकलेली, पण तोंडाचा पट्टा सरळ. जगात कुठल्याही देशाने अणुबॉम्बची चाचणी केली, की ही बाई आपली फुलाफुलांची उशी आणि चहाचा थर्मास घेऊन स्मारकासमोर धरणं धरायला हजर. तिथे बाकीचे गंभीर चेहऱ्याने बसायचे, आणि ही शेजारणीच्या कानात सांगायची, "या बॉम्बवाल्यांपायी माझं बूड घासून चपटं झालं बघ. आता तरी थांबा म्हणावं मेल्यांनो."

तर अशी ही मावशी, आणि तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, नोव्हेंबरअखेर ऑपरेशन. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं कायमचं बंद. मावशीने ते ऐकून विचारलं, "जेवता येईल ना?" येईल म्हणाले. "मग काढा. शहाऐंशी वर्षं बोललेय, आता जग जरा विश्रांती घेईल." डॉक्टर हसले, नर्स हसली, मावशी हसली. हसली नाही ती एकटी रित्सुको. कारण सप्टेंबर अर्धा सरला होता, पाठाला संमती मिळाली नव्हती, आणि नोव्हेंबरनंतर मावशी "इथे चुकलीस" हेसुद्धा सांगू शकणार नव्हती, आणि लिहून सांगणं हा तिचा प्रांत नव्हता. मग चिझू कायमची गेली असती. जगात तिला पाहिलेलं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

"बरं, पुढे वाच," मावशी म्हणाली. "हे जळायच्या आत वाच."

रित्सुकोने घसा साफ केला. तिने वाचलं, की मिसासा भागातल्या घरात त्या सकाळी सात वर्षांची तोकिए जिन्याखाली होती, आई स्वयंपाकघरात, आणि पाच वर्षांची चिझू बाहेर अंगणात. डोळे दिपवणारा उजेड झाला आणि घर कोसळलं. आईने तोकिएला ओढून बाहेर काढलं. चिझू अंगणात सापडली, पूर्ण भाजलेली. आई तिला उचलून मिताकीच्या बांबूच्या बनात घेऊन गेली. वडील तेव्हा दक्षिणेकडे युद्धावर. रात्र तिथेच काढली. इथवर मावशी मान डोलवत होती. रित्सुकोला धीर आला. तिने आवाज आणखी खाली आणला आणि वाचलं, "पहाटे चिझूने डोळे उघडले. क्षीण आवाजात ती म्हणाली, 'पाणी... पाणी...'"

उलथनं तव्यावर खणकन आपटलं.

"पाणी कोणी सांगितलं तुला?"

रित्सुको गडबडली. "म्हणजे... मावशी, तुम्हीच..."

"मी? मी कधी सांगितलं? सांग ना, कधी?"

आणि मग रित्सुकोच्या लक्षात आलं, की खरंच, मावशीने हे कधीच सांगितलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही. बांबूच्या बनापाशी आली की मावशी दर वेळी एवढंच म्हणायची, "दुसऱ्या दिवशी सकाळी चिझू गेली." मग एक घोट चहा घ्यायची आणि तिथून थेट पुढच्या हिवाळ्यावर यायची. मधली ती पोकळ जागा रित्सुकोने पाण्याने भरून टाकली होती. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाने ही चूक केली नसती. पण आमच्याकडे लहानपणापासून जो तो हेच ऐकतो. पाणी पाणी करत माणसं नदीकडे गेली, पाणी न पिताच गेली. सहा ऑगस्टला सगळं शहर मेलेल्यांना पाणी वाहतं. रित्सुकोने स्वतः तीन उन्हाळे चिझूच्या थडग्यावर तांब्यातांब्याने पाणी घातलं होतं, आणि ही मुलगी पाणी मागत गेली असेल याबद्दल तिच्या मनात कधी शंकासुद्धा आली नव्हती.

"ती पाणी प्यायचीच नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज आधीच फाटका, आता आणखी चिरकला. "आई मागे लागायची तेव्हा कुठे घोटभर प्यायची, आणि मग अंगणात जाऊन थुंकायची. तू तिला सगळ्यांसारखी करून टाकलीस. एका रांगेत बसवलीस नेऊन."

"मग ती काय म्हणाली होती, मावशी?"

मावशीने टीव्हीचा आवाज वाढवला. कार्पचा खेळाडू बाद झाला होता. "मेल्या, बॅट धरायला येते का तुला!" ती टीव्हीवर ओरडली आणि त्यानंतर रित्सुकोशी एक अक्षर बोलली नाही. ओकोनोमियाकी मात्र तिच्यापुढे सरकवली, अंडं घालून. रागावली तरी उपाशी पाठवणाऱ्यांतली ती नव्हती.

त्या संध्याकाळी रित्सुको ट्राममध्ये बसून घरी गेली तेव्हा तिला नुसतं रडू येत होतं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईला ट्राममध्ये रडताना कोणी शिष्याने पाहू नये म्हणून तिने तोंडावर मास्क ओढला. नवऱ्याला म्हणाली, "मला जमत नाही. मी तिच्या बहिणीचा पुतळा करून ठेवला." नवरा बिचारा भला माणूस. त्याने तिला चहा करून दिला आणि "पुतळा चांगला झालाय का पण?" असं विचारून शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक पोरगा शिकायला होता. वळणावर एक खांब होता, आणि पोरगा दर वेळी गाडी बरोबर त्या खांबाकडेच न्यायचा. "मला तो खांब चुकवायचाय, मी सारखा त्याच्याकडेच बघतोय, तरी का होतं असं?" तो काकुळतीला आला.

"म्हणूनच होतं," रित्सुको नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली. "खांबाकडे बघायचंच नाही. रस्ता कुठे जातोय तिकडे बघ."

आणि हे बोलताच ते तिचं तिलाच लागू पडलं. तीन वर्षं आपण मावशीला काय विचारत आलो? उजेड कसा होता, आवाज किती मोठा, आग कुठून आली, किती वाजता, कोणत्या दिशेने. खांब, खांब आणि खांब. ती इतकी विचारात पडली, की पोरग्याने गाडी कडेच्या हिरवळीवर चढवली तरी तिने ब्रेक दाबला नाही. पोरगा घाबरून म्हणाला, "बाई, आता हळूच दाबू या का?"

रविवारी रित्सुको दुकानात गेली ती कागद न घेता. खुर्ची ओढून तव्यासमोर बसली आणि म्हणाली, "मावशी, आज बॉम्ब नको. चिझूबद्दल तक्रारी सांगा."

"तक्रारी?"

"मला एक धाकटा भाऊ आहे. त्याच्याबद्दल माझ्याकडे पोतंभर तक्रारी आहेत. तुमच्याकडे नाहीत?"

मावशीने तिच्याकडे जरा वेळ डोळे बारीक करून पाहिलं. मग एप्रनला हात पुसले. "बस," ती म्हणाली. "दुपारची वेळ आहे ना तुला?"

आणि मग बाई जी सुटली! चिझू अंथरुणात मुतायची आणि गुपचूप तोकिएशी अंथरूण बदलायची, मार तोकिएला. चिझू खेळात रडीचा डाव खेळायची आणि वर आईकडे जाऊन चुगली करायची. चिझूने देवळातल्या भटजींना पोटरीला चावा घेतला होता, का, तर ते "किती गोड मुलगी" म्हणाले. चिझूने घरच्या एकुलत्या एका कोंबडीला गल्लीच्या पुढाऱ्याचं नाव ठेवलं होतं. पुढारी म्हणजे युद्धाच्या काळातला, दंडाला पट्टी बांधून गल्लीभर हुकूम सोडत फिरणारा कावामुरा. चिझू संध्याकाळी अंगणात उभी राहून गळा काढायची, "कावामुराऽऽ! चल, खुराड्यात चल! पुरे झालं आता ओरडणं!" एक दिवस खरा कावामुरा कुंपणापलीकडे उभा. आई भीतीने पांढरी पडली. त्याने विचारलं, "कोणाला हाका मारतेस गं?" चिझू म्हणाली, "आमच्या कोंबडीला. ती अंडी देते. तुम्ही काय देता?"

रित्सुको तव्यावर डोकं टेकेल इतकी हसली. मावशीपण हसली, हसता हसता तिला ढास लागली, पाठ चोळावी लागली, तरी ती थांबेना.

"आणि कणीस!" मावशी डोळे पुसत म्हणाली. "अंगणात आम्ही दोघींनी एकेक मक्याचं रोप लावलं होतं. माझं चांगलं वाढलं, तिचं खुरटलं. ती पाणीच घालायची नाही तर वाढेल कसं? माझ्या रोपाला एक झकास कणीस आलं. आईने ते भाजून ठेवलं. मी म्हटलं, न्याहारीला खाईन, सावकाश, एकटी. आणि त्या दिवशी सकाळी..."

इथे मावशीचा आवाज एकदम खाली आला. टीव्ही बंदच होता.

"त्या दिवशी सकाळी ती ते कणीस उचलून पळाली. हसत हसत बाहेर अंगणात. मी तिच्या मागे धावले नाही. जिन्याखाली जाऊन रुसून बसले. म्हणून मी जिन्याखाली होते गं. लोकांना मी एवढंच सांगते, जिन्याखाली होते. का, ते कोणी विचारत नाही."

रित्सुकोने खुर्ची जरा पुढे ओढली.

"पहाटे तिने डोळे उघडले. आई म्हणाली, 'पाणी हवं का गं?' तिने मान हलवली, नको. माझ्याकडे बघितलं. चेहरा ओळखू येत नव्हता, पण डोळे तेच, तसेच खट्याळ. म्हणाली, 'ताई, तुझं कणीस लई गोड होतं. सगळं मीच खाल्लं.'" मावशीने तव्याची कड घट्ट धरली. "आणि मला हसू फुटलं. काय करू? इतकी आगाऊ पोर! मी हसले, तर आईपण हसली. त्या बनात चहूकडे माणसं मरत होती आणि आम्ही तिघी हसत होतो. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल, या बायकांचं डोकं फिरलं. थोड्या वेळाने ती गेली."

रित्सुको रडत होती, आणि मावशीने तिच्या पुढ्यात नाक पुसायला कागद सरकवला.

"हे सभागृहात सांगायचं नाही," मावशी म्हणाली. "वचन दे. लोक तिथे रडायला येतात. लांबून लांबून येतात बिचारे. त्यांना कसं सांगू की आम्ही हसलो? म्हणतील, म्हातारीला काळीज नाही. कोंबडीचं हवं तर सांग."

रित्सुकोने वचन दिलं. पाण्याची ओळ काढून टाकली आणि मावशी सांगायची तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चिझू गेली, बस्स. मावशी म्हणाली, "आता बघू. ऑक्टोबरात हिमेजीची शाळा येणार आहे, माझ्या नावावर वेळ घेतलेली आहे. माझा घसा तर बसलाय. केंद्रातल्या लोकांना सांगते, या वेळी तू बोल, मी मागे बसून ऐकते. पटलं तर हो म्हणेन. नाही पटलं तर नाही. तोंडदेखलं हो म्हणणार नाही, आधीच सांगते."

हिमेजीहून सहावीची मुलं आली. आमच्याकडे येणाऱ्या शाळेच्या मुलांना घरून इतकं बजावून आणलेलं असतं, की ती श्वाससुद्धा विचारून घेतात. माना खाली, हात गुडघ्यांवर. पुढे त्यांचे गुरुजी, सुतकी चेहरा करून बसलेले. टेबलाखाली रित्सुकोचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. मागच्या ओळीत तोकिएमावशी, मांडीवर ती फुलाफुलांची उशी घेऊन.

रित्सुकोने सुरुवात केली. चिझूने भटजींना चावा घेतला तिथे मुलांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. हसायचं असतं की नाही, ते त्यांना कळेना. कोंबडीवर आली तेव्हा एका पोराच्या नाकातून फुस्स झालं आणि गुरुजींनी मान वळवून असे डोळे वटारले, की ते पोर शेजारच्याच्या मागे दडलं. पण "तुम्ही काय देता?" म्हटल्यावर काही इलाज राहिला नाही. अर्धं सभागृह खिदळलं. मग सकाळ आली, उजेड आला, घर पडलं. मुलं चिडीचूप झाली, आणि या वेळची शांतता कोणी बजावून आणलेली नव्हती. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी तर रित्सुकोच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी चिझू गेली," रित्सुको म्हणाली, आणि पुढच्या हिवाळ्यावर आली.

शेवटी गुरुजींनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? त्या वेणीवालीचा हात वर गेला. ती उठली, वाकून नमस्कार केला, आणि पिशवीतून एक बाटली काढून दोन्ही हातांनी पुढे धरली.

"आम्ही हिमेजीहून पाणी आणलंय. चिझूसाठी. आम्हाला शाळेत शिकवलं, की सगळे पाणी मागत होते. चिझूपण शेवटी पाणीच मागत होती ना?"

हो म्हणावं, तर मावशीची बहीण आत्ता, इथे, सगळ्यांदेखत पुन्हा त्या रांगेत जाऊन बसते. नाही म्हणावं, तर पोर विचारणार, मग काय मागितलं? आणि वचन दिलेलं. "ते... म्हणजे..." रित्सुको अडखळली आणि तिने मागच्या ओळीकडे पाहिलं.

मागची खुर्ची करकरली. तोकिएमावशी उठली होती. काठी टेकत, बाकांना धरत, ती सगळी वाट चालून पुढे आली. रित्सुकोने माइक तिच्या तोंडाजवळ धरला.

"नाही गं पोरी," त्या फाटक्या आवाजात मावशी म्हणाली. "पाणी नाही मागितलं. मी तिची ताई. मी तिथे होते. मी सांगते ती काय म्हणाली."

आणि तिने सांगितलं. कणीस, जिन्याखालचा रुसवा, बांबूचं बन. "ताई, तुझं कणीस लई गोड होतं. सगळं मीच खाल्लं." हे ती अगदी चिझूसारखं नाक वर करून म्हणाली.

मग कुठूनसं ते मघाचं फुस्स पुन्हा झालं. पोराने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. गुरुजी लालेलाल.

"हस रे," मावशी म्हणाली. "गुरुजी, हसू द्या त्याला. हसण्याचीच गोष्ट आहे. आम्हीपण हसलो होतो."

मग पोरं हसली. काहीजण हसत होते, काहीजण रडत होते, आणि वेणीवाली दोन्ही एकदम करत होती. तिने डोळे पुसत विचारलं, "आजी, चिझू आत्ता असती तर?"

"चौऱ्याऐंशी वर्षांची असती. आणि आजसुद्धा माझ्याच ताटातलं उचलून खाल्लं असतं," मावशी म्हणाली. मग जरा दम घेतला. "मला भाषण येत नाही पोरांनो. पण एक सांगते. वरून बॉम्ब टाकणाऱ्याला खाली गाव दिसतं, पूल दिसतो. खाली अंगणात एक आगाऊ पोर ताईचं कणीस चोरून खातेय, हे त्याला कसं दिसणार? ते दिसलं असतं ना, तर टाकवला नसता कोणाच्याने. म्हणून मी नाही म्हणते बॉम्बला. माझा, त्यांचा, कोणाचाही असो, नको म्हणजे नको. तिला आकड्यात मोजू नका, एवढंच माझं मागणं."

"मग या पाण्याचं काय करू?" वेणीवालीने बाटलीकडे बघत विचारलं.

"घाल ना, स्मारकावर घाल! हजारो माणसं पाणी पाणी करत गेली गं. त्यांना दे. चिझूच्या नावाने तेवढं घालू नकोस. थुंकून टाकेल ती."

मुलं बाहेर गेल्यावर मावशी पुढच्याच बाकावर मटकन बसली. घसा पार गेला होता. रित्सुको तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "मावशी, मी वचन मोडलं नाही हं."

"मीच मोडलं," मावशी कुजबुजली. "त्या पोरीने पाण्याची बाटली पुढे केली आणि मला वाटलं, आज गप्प राहिले तर झालं, चिझू कायमची पाणी मागत राहणार." तिने रित्सुकोचा हात धरला. "हो. ही माझीच. पुढच्या वेळेपासून तू सांग. कणसाचं सांग. आम्ही हसलो ते सांग."

"लोक काही बोलले तर?"

"बोलू देत. माझा पट्टा तेव्हा बंद असेल. उत्तर तू द्यायचं."

ऑपरेशन पार पडलं. मावशी जेवायला लागली, आणि दुकानात पाटी घेऊन पाटीवर शिव्या लिहायला शिकली.

जानेवारीत रित्सुकोची पहिली वेळ आली. या खेपेला मोठी माणसं होती, कुठल्याशा गावाहून आलेली, काळे कोट घालून, हातरुमाल आधीच काढून बसलेली. कोंबडीवर कोणी हसलं नाही. चाव्यावर नाही. रित्सुको बांबूच्या बनापाशी आली. तिच्या मनात आलं, अजूनही वेळ आहे, चिझू गेली म्हणून पुढे सरकता येईल. तिने श्वास घेतला.

"तिने डोळे उघडले आणि म्हणाली, 'ताई, तुझं कणीस लई गोड होतं. सगळं मीच खाल्लं.'"

दोनशे चेहरे तिच्याकडे नुसते बघत राहिले, आणि त्या शांततेत मागच्या ओळीतून टाळीसारखा आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. तिथे एक म्हातारी बसली होती, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला. ती पोट धरून, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तोंड उघडं, खांदे गदागदा हलताहेत, आणि घशातून आवाज एवढासाही नाही.

रित्सुको थांबली. मावशीचं हसून होईपर्यंत थांबली, आणि मग पुढे म्हणाली, "तेव्हा तोकिए हसली."